तिसऱ्या बाटलीचा गुण

आमच्या नाटक कंपनीत त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. लहानथोर सगळे त्यांना ‘कानमंत्री’ म्हणत. विंगेत, पडद्याच्या घडीआड, एका बुटक्या स्टुलावर नाटकाची वही मांडीवर घेऊन बसायचं आणि नटाला वाक्य आठवेनासं झालं की ते त्याच्या कानात पोचवायचं, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते केलं. प्रेक्षकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, आणि आम्ही मंडळींनी त्यांचं तोंड पाहिल्याशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही.

प्रॉम्प्टर मी पुष्कळ पाहिले. काही महाभाग असे पुरवतात की शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या गृहस्थालाही पुढचं वाक्य नटाच्या आधी कळतं. कानमंत्री पूर्ण वाक्य कधीच देत नसत. फक्त पहिला शब्द, आणि तोही नटाचा श्वास संपायच्या आत. एकदा न्यायालयाच्या प्रवेशात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. समोर नऊशे माणसं आणि डोक्यात पांढरंफटक. मला अजून घाम फुटायचा होता, तेवढ्यात डावीकडून हळूच एक शब्द आला, “जिन्यावर...” आणि अख्खी साक्ष माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडली. नंतर मी विचारलं, “मंत्री, मी अडले हे तुम्हाला माझ्या आधी कसं कळलं?”

ते म्हणाले, “बाई, माणूस अडायच्या आधी त्याचा चेहरा अडतो. वही मला पाठच असते. मी तुमचे चेहरे वाचत बसतो.”

अशा माणसाबद्दल लिहायला बसले आहे. जे लिहायचं आहे ते मात्र विंगेतलं नाही. गेल्या वर्षातलं आहे.

कंपनी बंद पडल्यावर आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. मी तिसऱ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. त्यांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावात शाळेत शिकवते. दोन खोल्या, पत्र्याच्या तीन पेट्यांत नाटकांच्या वह्या, टेबलावर हिरव्या टोपीचा दिवा. हृदयाचं एक दुखणं होऊन गेल्यामुळे सकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी. बाकी माणूस ठणठणीत. बेचाळीस नाटकं तोंडपाठ. कोणीही, कुठल्याही नाटकातलं, कसलंही वाक्य अर्धं टाकावं आणि त्यांनी ते उचलावं.

गेल्या वर्षी आम्ही जुनी मंडळी एका घरी जमलो होतो. आमच्यातल्या खलनायकाने, म्हणजे जन्मभर खलनायक केलेल्या एका देवमाणसाने, सवयीप्रमाणे एक वाक्य अर्धं टाकलं. कानमंत्र्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

“काय मंत्री, मंत्रिमंडळ बरखास्त?” खलनायक म्हणाला. सगळे हसले. मंत्रीही हसले. मी शेजारी होते, म्हणून मला त्यांच्या हातातली बशी दिसली. त्यांनी ती भरल्या चहासकट खाली ठेवून दिली.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी मी जिना उतरत असताना गॅसचा वास आला. त्यांचं दार उघडंच होतं. ते शेगडीसमोर उभे होते, एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी. शेगडीचं बटण पूर्ण उघडं. मी धावत जाऊन ते बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि काडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“अहो, काय करत होता?”

“तेच आठवत होतो,” ते म्हणाले. “मी पेटवणार होतो, की विझवून झालं होतं?”

त्यांचा थोरला भाऊ शिंपी होता. गावातला सगळ्यात सफाईदार हात. सत्तरीत तो असाच विसरायला लागला. आधी गिऱ्हाइकांची मापं, मग गिऱ्हाइकं. शेवटी सुई हातात दिली तर तो ती उलटसुलट करून बघत बसे. कानमंत्र्यांनी त्याचं सगळं केलं होतं. त्यामुळे आपल्या दारात काय येऊन उभं राहिलंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलगी शाळेला सुट्टी लागताच सात आठवड्यांसाठी आली. आल्या आल्या तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बापाने ती पुढे ढकलली.

“बाबा, तपासायला काय हरकत आहे?”

“तपासलं की कळतं.”

“कळायला नको?”

“दादाला कळलं होतं. कळून काय दिवे लावले?”

डॉक्टरऐवजी ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि स्मरणशक्तीच्या तीन बाटल्या घेऊन आले. एक माशाच्या तेलाच्या गोळ्यांची, एक कसल्याशा अळंबीच्या पुडीची, आणि एक गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची. तिन्हींच्या वेष्टनावर मेंदूचं चित्र होतं, आणि तिन्ही मेंदूंतून किरणं निघत होती. मी बरोबर होते. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, यातली कुठली चालते ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. आणि गुण यायचा असेल तर तीन महिने तरी घ्यावी लागते.”

“तीन महिन्यांनी गुण आला हे लक्षात कोण ठेवणार?” कानमंत्री म्हणाले.

दुकानदार हसला. मलाही हसू आलं.

ते गोळ्या गिळून वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तिन्ही बाटल्यांची परीक्षाच मांडली. जुनी नाटकं उपयोगाची नव्हती, कारण ती हाडात मुरलेली. म्हणून पेटीतून त्यांनी एक कधीच न झालेलं नाटक काढलं. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती, कंपनीने नाकारलेली. सकाळी एक तास एक पान पाठ करायचं, संध्याकाळी ते म्हणून दाखवायचं. समोर बसलेल्याने पानावर शिसपेन्सिलीने खुणा करायच्या. तालमीत नटांसाठी ज्या खुणा ते करत त्याच. अडखळलं तर टिंब, शब्द बदलला तर आडवी रेघ, आणि पार कोरं झालं तर फुली. आधी चौदा दिवस काहीच न घेता, मग प्रत्येक बाटलीला चौदा दिवस. निकाल एका वहीत.

पहिले सहा आठवडे समोर मुलगी बसली. शाळेतली बाई ती! पेपर तपासताना चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही, ही तिची रोजची सवय. बिनऔषधाच्या दिवसांत पानाला आठ-नऊ फुल्या पडल्या. माशाच्या तेलाच्याही आठ-नऊच, वर दिवसभर ढेकर. अळंबीच्या पुडीला दहा.

“या पुडीने फुल्या वाढल्या आणि पोट बिघडलं,” त्यांनी निकाल दिला. “म्हणजे काहीतरी परिणाम आहे म्हणायचा.”

विनोद करत होते, पण जेवण कमी झालं होतं. रस्त्यात मला हळूच विचारायचे, “तो समोरून आला तो कोण हो?” आणि मी सांगितलं की अगदी मोठ्याने म्हणायचे, “हां हां, तोच!”

मुलीची सुट्टी संपली. जाताना ती मला म्हणाली, “मावशी, आता पुढचे चौदा दिवस तुम्ही बसाल ना? आणि ही शेवटची बाटली झाली की त्यांना डॉक्टरकडे न्यायचंच.” मी तिला शब्द दिला.

तिसरी बाटली म्हणजे ती गिंकोच्या पानांची. पहिल्याच संध्याकाळी चार फुल्या. मी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. तिसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी एक. चाळीस ओळींच्या पानाला एक फुली!

काय सांगू तुम्हाला, त्या आठवड्यात त्या दोन खोल्यांत जणू पडदा पुन्हा वर गेला. ते दाढी गुळगुळीत करून बसायला लागले. “कप्तान, या दिव्याला तेल कमी लागतं, माणूस जास्त लागतो,” असं खणखणीत म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. खलनायकाला फोन करून त्यांनी बाटलीचं नाव लिहून घ्यायला लावलं. तोही दुसऱ्या दिवशी घेऊन आला, कारण भीती काय आमच्यात एकट्या कानमंत्र्यांनाच होती? आणि दहाव्या दिवशी, मला न विचारता, त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून ती पुढे ढकललेली वेळ रद्द केली.

“कशाला हवा डॉक्टर? निकाल लागला. तिसरी पहिली आली.”

मी शब्द दिला होता, तरी मी गप्प बसले. मलाही हेच हवं होतं.

मुलीला मात्र पटेना. तिने मला फोन फळीवर उभा करून एका संध्याकाळचं सगळं चित्रित करून पाठवायला सांगितलं. मी मोठ्या अभिमानाने पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच तिने मला परत पाठवलं आणि खाली लिहिलं, “मावशी, बाबांकडे नका बघू. एकदा स्वतःकडे बघा.”

मी बघितलं. फळीवरून आम्ही दोघंही दिसत होतो. ते म्हणत होते, आणि जिथे ते अडत तिथे समोरची म्हातारी श्वास आत ओढत होती, भुवया उचलत होती, आणि तिचे ओठ, आवाज न करता, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर तयार करत होते. दर वेळी. एकदाही चुकत नव्हती. समोरचा अडला की त्याला सावरून घ्यायचं, रंगमंचावर शांतता पडू द्यायची नाही, हेच मी आयुष्यभर केलं. आपण ते करतोय याचा मला पत्ताच नव्हता. आणि समोर बसले होते कोण? चेहरे वाचण्यात ज्यांनी अठ्ठावीस वर्षं घालवली ते. त्यांनाही पत्ता नव्हता. ते आपलं माझ्या तोंडावरून वाचत होते आणि त्याला आठवण म्हणत होते.

मी फोन पालथा ठेवला.

मुलीचा फोन आला. “मी सांगू, की तुम्ही सांगाल?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मी सांगते,” म्हटलं, आणि दोन दिवस सांगितलं नाही. नऊशे माणसांपुढे उभी राहिलेली बाई मी, पण एक जिना उतरायची छाती होईना. संध्याकाळी खाली जात होते, तोंड घट्ट मिटायचं ठरवत होते, आणि त्यांची नजर वर झाली की भुवया आपोआप उचलल्या जात होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाह्या सरसावल्या तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग दिसले.

“हे काय? पडलात कुठे?”

“छे! कुठेतरी आपटला असेल हात. सकाळी दात घासताना पण जरा रक्त आलं. म्हातारपण, बाई. तुम्हाला अजून अनुभव नसेल.”

मी हसले नाही. कुठे पडले असतील आणि विसरलेही असतील तर? आता गप्प राहणं म्हणजे पाप होतं. मी खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली.

“आज मी अशी बसते.”

“बसा. रुसल्यासारख्या दिसताय, पण बसा.”

त्यांनी सुरुवात केली. पहिल्या चार ओळी सरळ गेल्या. पाचव्या ओळीवर थांबले.

समोर रस्त्यावर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता. मी त्या शिडीच्या पायऱ्या मोजायला लागले. मागे शांतता. रंगमंचावर तीन क्षणांची शांतता झाली तरी जीव जातो, ही संपेचना. शब्द माझ्या मांडीवरच्या पानावर होता. ‘वादळ’. एवढासा शब्द. मी दातांनी ओठ धरून ठेवला.

“बाई...”

मी शिडीकडेच बघत राहिले.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आता जरा मोठ्या आवाजात. पुन्हा तिथेच थांबले. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तिसऱ्या ओळीलाच घोटाळा झाला.

“बाई, जरा इकडे वळा ना,” ते म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अंधारात हात सोडल्यावर पोर बोलतं तसा.

“नाही वळणार, मंत्री.”

खुर्ची करकरली. ते उठून माझ्या समोर आले आणि खिडकीच्या उजेडात त्यांनी माझं तोंड पाहिलं. सांगायला काही उरलंच नाही. चेहरा वाचणारा माणूस तो.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. मला कळलं नाही हो. शपथ.”

“पोरीला?”

“तिनेच दाखवलं.”

ते टेबलाशी जाऊन बसले. मला वाटलं वही फाडतील. त्यांनी पेन्सिल घेतली, तिसऱ्या बाटलीच्या पानावर वरून खाली एक तिरकी रेघ मारली आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात खाली लिहिलं, ‘साक्षीदार फितूर. साक्ष ग्राह्य नाही.’ मग पेन्सिल ठेवली. ती गडगडत खाली पडली आणि दोघांनीही उचलली नाही.

“दादा शेवटी शेवटी मला ‘अहो’ म्हणायचा,” ते म्हणाले. “परका समजून, फार आदराने. बाई, मला फार भीती वाटते.”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. माझ्यापाशी पुढचा शब्द नव्हता. मी म्हटलं, “मलाही वाटते.” मग दवाखान्यात फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. वेळ त्यांनीच मागितली. नाव सांगताना अडले नाहीत.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. त्या वयाने लहान, पण घाई नसलेल्या बाई होत्या. मंत्र्यांनी तिन्ही बाटल्या, सकाळची गोळी आणि वही त्यांच्यापुढे मांडली. डॉक्टरांनी आधी त्यांचे हात बघितले, मग तिसरी बाटली उचलून बाजूला ठेवली.

“ही आजपासून बंद. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ही घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. हे डाग त्याचेच असण्याची शक्यता आहे. आज रक्त तपासू. नशीब, डोक्याला मार लागला नाही.”

जिला आम्ही पहिला नंबर दिला होता ती बाटली! मी बाहेर जाऊन आधी खलनायकाला फोन केला. तो म्हणाला, “माझ्यावर कसलाच परिणाम नाही, मी घ्यायलाच विसरतो.”

परत आले तर डॉक्टर वही वाचत होत्या. “परीक्षा चांगली घेतलीत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “या तिन्हींनी फार फरक पडतो असा भक्कम पुरावा मलाही माहीत नाही. पण विसरण्याची कारणं अनेक असतात. कधी एखादं जीवनसत्त्व कमी असतं, कधी थायरॉइड, कधी झोप. ती दुरुस्त होतात. काही कारणं होत नाहीत. तुमचं कुठलं, हे मी आज सांगणार नाही, कारण मला आज माहीत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “आता मी यांना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगणार आहे. तुम्ही बाहेर थांबाल?”

बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसले ते घड्याळालाच ठाऊक. दार उघडलं. ते आले.

“दोन,” म्हणाले.

“पाचांतले?”

“पाचांतले. पण माझे.”

रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला. एक जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. त्याची इंजेक्शनं चालू आहेत. त्याने सगळं भरून येईल की थोडं, की काहीच नाही, हे सहा महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर कळेल. मुलगी दर शनिवारी येते. गॅसच्या जागी विजेची शेगडी आली. हाताचे डाग गेले. भीती गेलेली नाही, आणि ती गेली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातून निघालो तेव्हा दुपार होती. चौकात आलो आणि ते थांबले. चार रस्ते, चारही सारखे, चारही बाजूंना तीच दुकानं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चटकन खाली मान घातली आणि माझ्या चपलांच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. दिवा हिरवा झाला, माणसं गेली. लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. मागून कोणीतरी “आजी, चला की,” म्हणालं. मी हलले नाही. माझं काळीज इतकं धडधडत होतं की तेही त्यांना ऐकू जाईल आणि त्यातूनही त्यांना काही कळेल असं मला वाटलं.

मग त्यांनी पाऊल टाकलं. डावीकडे.

घर डावीकडेच होतं. त्यांना ते आठवलं की त्यांनी नुसताच अंदाज केला, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.